ग्राहकाचा कौल

मुंबईत दादर आणि परळ हे दोन भाग जेथे एकमेकांना भिडतात, तेथे हिंदमाता नावाचा गजबजलेला परिसर आहे. साड्यांच्या व कापडाच्या दुकानांसाठी तो प्रसिद्ध आहे. लग्नसराई जवळ आली, की दूरदूरची माणसे बस्ता बांधण्यासाठी येथे येतात. एका बाजूस दादरचे रेल्वे स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दुसऱ्या बाजूस परळला के. ई. एम. रुग्णालय, टाटा स्मारक रुग्णालय, वाडिया बाल रुग्णालय अशी मोठी रुग्णालये आहेत. त्यामुळे या रस्त्यांवर दिवसभर माणसांची रीघ लागलेली असते. कोणी खरेदीला निघालेला, कोणी कामावर धावणारा, कोणी महाविद्यालयात जाणारा, तर कोणी गावाकडून आजारी माणसाला घेऊन आलेला आणि औषधपाण्याच्या खर्चाने गांजलेला असतो.

या सर्वांची एक अडचण समान असते. त्यांना भूक लागलेली असते. परंतु बसून जेवण्यास पुरेसा वेळ नसतो, किंवा पुरेसा पैसा नसतो. अशा माणसाला उभ्याने, हातात धरून खाता येईल, पोटाला आधार देईल आणि खिशाला परवडेल असा पदार्थ हवा असतो. मुंबईने त्याला वडापाव दिला. इटली देशाने आपल्याकडील अशाच माणसाला पिझ्झाचा तुकडा दिला. आता तर पिझ्झाही मुंबईत येऊन पोहोचला आहे, आणि अख्खा पिझ्झा न घेता त्याचा एकच तुकडा कागदावर घेऊन चालू लागणारी मुले या शहरात दिसू लागली आहेत.

खाऊन झाल्यावर प्रत्येक जण काही ना काही बोलतो. “वडा आज फार तिखट होता,” “पाव शिळा वाटला,” “याच्यासारखी चटणी कोठे मिळायची नाही,” अशी वाक्ये रस्तोरस्ती ऐकू येतात. बोलणारा बोलून पुढे जातो आणि आपले बोलणे विसरूनही जातो. मात्र ज्याच्याविषयी ते बोलणे झाले, त्या दुकानदाराचे घर त्याच बोलण्यावर चालते. म्हणून ग्राहकाचे मत म्हणजे काय, ते कसे तयार होते आणि त्याचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

यासाठी थोडे मागे जावयास हवे. परळ, लालबाग, नायगाव हा सारा प्रदेश एके काळी गिरणगाव म्हणून ओळखला जाई. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली आणि पुढे या भागात गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे येथे काम करण्यास आली. त्यांतील पुष्कळांची बायकामुले गावीच राहत. एकेका खोलीत अनेक जण दाटीने राहत आणि पाळीप्रमाणे कामावर जात. त्यांच्या जेवणाची सोय चाळींतल्या खानावळी करीत. या खानावळी बहुधा स्त्रियाच चालवीत. घरच्याच चुलीवर त्या पाच-पंचवीस माणसांची भाकरी भाजीत आणि महिन्याच्या अखेरीस जेवणाचे पैसे घेत.

खानावळीतला ग्राहक आपले मत कोठे लिहून ठेवीत नसे. आमटी पातळ झाली, तर तो ताटावरूनच तसे सांगे. पुन्हा पुन्हा सांगूनही सुधारणा झाली नाही, तर पुढच्या महिन्यापासून तो दुसरी खानावळ धरी. उलट, जेवण चांगले असले, तर गावाहून आलेल्या आपल्या भावाला किंवा मित्राला तो तेथेच घेऊन येई. खानावळवालीच्या दृष्टीने एक जेवणारा वाढणे किंवा कमी होणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यावर तिच्या मुलांची वह्या-पुस्तके आणि घरभाडे अवलंबून असे. भांडवलासाठी अशा स्त्रियांना सावकाराकडे हात पसरावा लागे. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे आणि त्यांनी संघटित व्हावे, या हेतूने प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन झाले. ताटावर बसून सांगितलेल्या चार शब्दांमागे केवढा मोठा संसार उभा असतो, हे या खानावळींवरून ध्यानात येते.

वडापावाचा जन्मही याच परिसरातला. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी आपल्या गाडीवर बटाटावडा पावात घालून विकण्यास प्रारंभ केला, असे सामान्यतः मानले जाते. यातील कोणतीही वस्तू नवी नव्हती. पाव हा पोर्तुगीज लोकांबरोबर आपल्याकडे आला. ‘पाव’ हा शब्दही त्यांचाच. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला; तोही पोर्तुगीजांबरोबरच येथे आला आणि नावही घेऊन आला. मिरचीही अमेरिका खंडातूनच आली. बेसन मात्र आपले. या सर्वांची जोडी जमवून, वर लसणाची सुकी चटणी घालून, एका हातात मावेल असा पदार्थ तयार झाला, आणि गिरणीच्या भोंग्याबरोबर धावणाऱ्या माणसाला तो नेमका मानवला.

या पदार्थाची जाहिरात त्या काळी कोणी केली नाही. त्याची कीर्ती एकाने खाऊन दुसऱ्याला सांगितल्यामुळेच वाढली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी कापड गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप दीर्घकाळ रेंगाळला, अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्याच नाहीत, आणि असंख्य कुटुंबांची मिळकत थांबली. त्या वेळी कित्येकांनी वडापावाची गाडी लावून संसार सावरला. आज दादरमधील छबिलदास गल्लीतला बटाटावडा किंवा कीर्ती महाविद्यालयाजवळचा वडापाव यांची नावे मुंबईबाहेरही ठाऊक आहेत. ती प्रसिद्धी अनेक वर्षांच्या, अनेक ग्राहकांच्या मतांतून थेंबाथेंबाने साचलेली आहे.

आता पिझ्झाकडे वळू. पिझ्झाचे माहेर म्हणजे इटलीतील नेपल्स हे बंदर. एकोणिसाव्या शतकात ते शहर माणसांनी खच्चून भरलेले होते. तेथील कोळी, हमाल आणि मजूर यांना स्वस्त व झटपट अन्न लागे. फेरीवाले डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन पिझ्झा विकीत आणि ज्याच्या खिशात जेवढे नाणे असेल, त्याप्रमाणे लहान-मोठा तुकडा कापून देत. रोम शहरात पुढे वेगळी पद्धत रूढ झाली. तेथे मोठ्या चौकोनी तबकात पिझ्झा भाजतात, ग्राहक बोट दाखवील तेवढा तुकडा कात्रीने कापतात आणि तो वजनावर विकतात. हिंदमात्याला उभ्याने वडापाव खाणारा माणूस आणि रोमच्या रस्त्यावर पिझ्झाचा तुकडा दुमडून खाणारा माणूस यांची भाषा निराळी असली, तरी गरज एकच आहे.

मात्र बाहेरून आलेल्या लोकांनी या पिझ्झाविषयी काय मत दिले, ते ऐकले म्हणजे आश्चर्य वाटते. तारायंत्राच्या शोधाशी ज्याचे नाव जोडले गेले आहे, तो अमेरिकन संशोधक सॅम्युअल मोर्स १८३१ साली नेपल्सला गेला होता. टोमॅटोचे काप आणि बारीक मासे घातलेला तो पदार्थ पाहून त्याला शिसारी आली आणि त्याने त्याचे वर्णन अत्यंत किळसवाणे खाद्य असे करून ठेवले. ‘पिनोकिओ’ या लाकडी बाहुल्याची गोष्ट लिहिणारा कार्लो कोलोदी तर स्वतः इटालियन. परंतु तो उत्तरेकडील फ्लॉरेन्स नगरीचा. शाळकरी मुलांसाठी १८८६ साली लिहिलेल्या पुस्तकात त्याने पिझ्झाची हेटाळणी केली आणि विकणाऱ्याच्या अंगावरील मळाशी त्याची तुलना केली.

हे दोघेही बुद्धिमान पुरुष होते. मग त्यांचे मत असे का झाले? त्याचे कारण शोधणे कठीण नाही. त्या काळी नेपल्समध्ये दारिद्र्य होते, गलिच्छ वस्त्या होत्या, आणि कोलोदीने लिहिले त्याच्या दोनच वर्षे आधी, १८८४ साली, तेथे पटकीची भयंकर साथ येऊन गेली होती. अशा शहरात उघड्यावरचे अन्न खाताना भीती वाटणे साहजिक होते आणि त्या भीतीत काही तथ्यही होते. मात्र दोष शहराच्या अस्वच्छतेचा, आणि शिक्षा झाली ती पदार्थाला व तो विकणाऱ्या गरीब माणसाला. शहर, माणूस आणि पदार्थ या तीन निरनिराळ्या गोष्टींची त्यांनी एकच मोट बांधली. त्याच नेपल्समधील पिझ्झा करण्याच्या कलेला २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मानाचे स्थान दिले.

यावरून मताचा पहिला धर्म कळतो. मत देणाऱ्याने आपण कशाविषयी बोलत आहोत, हे आधी ठरविले पाहिजे. समजा, हिंदमाता चौकाजवळ पिझ्झाचे तुकडे विकणारे एक लहान दुकान उघडले आणि चार ग्राहकांनी त्यावर चार मते दिली. साडीच्या खरेदीसाठी आलेल्या गृहिणीला दुकानात बाकडे नव्हते म्हणून राग आला. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला तुकडा मोठा आणि स्वस्त वाटला. इटलीत राहून आलेल्या गृहस्थांना पोळी जाड वाटली. रुग्णालयातून आलेल्या शेतकऱ्याला मात्र हिरव्या मिरचीवाचून तो पदार्थ अळणीच लागला. या चौघांपैकी खोटे कोणीच बोलले नाही. प्रत्येकाने आपापल्या भुकेच्या, सवयीच्या, खिशाच्या आणि अपेक्षेच्या मापाने तो तुकडा मोजला.

म्हणून प्रत्येक मतात दोन भाग असतात, असे म्हणता येईल. एक भाग आवडीचा आणि दुसरा भाग वस्तुस्थितीचा. ‘तिखट’, ‘अळणी’, ‘झकास’ हे आवडीचे शब्द आहेत. ज्याला कोल्हापुरी रश्शाची सवय आहे, त्याचे तिखट आणि ज्याला गुजराती डाळीची सवय आहे, त्याचे तिखट सारखे असणार नाही. याउलट, ‘पाव कालचा होता’, ‘उरलेले पैसे कमी दिले’, ‘फलकावर एक दर होता आणि घेतला दुसरा’, ‘विकणाऱ्याने नोटा मोजून त्याच हाताने वडा उचलला’ ही वस्तुस्थितीची वाक्ये आहेत. ती खरी की खोटी, हे कोणालाही पडताळून पाहता येते. आवडीचे मत ‘मला वाटले’ असे म्हणून द्यावे. वस्तुस्थितीचे मत मात्र डोळ्यांनी पाहिल्यावाचून देऊ नये. या दोहोंची सरमिसळ झाली, की ‘मला आवडले नाही’ याचे ‘तेथे वाईट मिळते’ असे रूपांतर होते आणि एखाद्या निरपराध माणसाचे नुकसान होते.

ते नुकसान कसे होते, हे थोड्याशा गणिताने स्पष्ट होईल. वडे एकेक करून तळीत नाहीत. कढईत एका वेळी बरेच वडे सोडतात आणि झाऱ्याने काढतात. त्याला घाणा म्हणतात. समजा, एका घाण्यात ४० वडे निघतात. ज्या गाडीवर पाव तासात ४० गिऱ्हाइके येतात, तेथील शेवटच्या गिऱ्हाइकालाही पाव तासापूर्वीचाच वडा मिळतो. तो गरम असतो, कुरकुरीत असतो, आणि खाणारा संतुष्ट होऊन चार जणांना सांगतो. ज्या गाडीवर तासाला १० गिऱ्हाइके येतात, तेथे तोच घाणा संपण्यास चार तास लागतात. शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हाती चार तासांपूर्वीचा गार, मऊ पडलेला वडा येतो. कृती तीच, मसाला तोच, हातही तोच. परंतु चवीत मोठा फरक पडतो.

पिझ्झाच्या तुकड्याचेही असेच आहे. तुकड्यांनी विकावयाचा पिझ्झा आधी भाजून ठेवलेला असतो आणि ग्राहक आला, की तुकडा पुन्हा भट्टीत गरम करून देतात. दुकानात वर्दळ असली, तर तबक लवकर संपते आणि नवे येते. वर्दळ नसली, तर तुकडे तसेच पडून राहतात. त्यांची पोळी वातड होते आणि चीज सुकते. म्हणजे गर्दीमुळे ताजेपणा येतो आणि ताजेपणामुळे गर्दी वाढते. याच्या उलट, गर्दी हटली, की शिळेपणा येतो आणि शिळेपणामुळे उरलीसुरली गर्दीही हटते. अनुभवी विक्रेता मागणी कमी असताना घाणा लहान काढतो, हे खरे. परंतु त्यातही इंधन आणि श्रम अधिक लागतात व नफा घटतो.

या चक्राला पहिला धक्का कोण देतो? पुष्कळदा तो ग्राहकाच्या मतानेच बसतो. एखाद्याने थट्टेने किंवा रागाच्या भरात ‘तेथे काही खाऊ नका’ असे म्हटले, दहा जणांनी ते ऐकले, दहाही जण दुसरीकडे गेले, आणि महिन्याभरात त्या गाडीवरचा वडा खरोखरच गार मिळू लागला, असे होऊ शकते. प्रारंभी असत्य असलेले मत अखेरीस स्वतःच सत्य होऊन बसते. आरसा केवळ रूप दाखवितो. मत मात्र रूप दाखविता दाखविता ते बदलूनही टाकते. ग्राहकाच्या शब्दाचे सामर्थ्य यात आहे, आणि त्याची जबाबदारीही यातच आहे.

यावर कोणी म्हणेल, की मग मत देऊच नये, गप्प राहावे. तेही योग्य नव्हे. मौनानेही हानी होते. शिजविलेले अन्न कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिले, तर त्यात रोगजंतूंची वाढ झपाट्याने होते. साधारणपणे ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात ही वाढ होते. म्हणून अन्न एकतर चांगले गरम ठेवावे अथवा चांगले थंड ठेवावे. तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापविले, तर त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात. वर्तमानपत्राच्या कागदात तेलकट पदार्थ बांधला, तर छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात. भारतात अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला, आणि त्यानुसार लहान फेरीवाल्यानेही नोंदणी करणे व स्वच्छता पाळणे आवश्यक ठरले. विटलेला वडा हाती आला असता एखादा ग्राहक तो मुकाट्याने टाकून निघून गेला, तर पुढचा वडा कदाचित एखाद्या लहान मुलाच्या हाती पडेल. रुग्णालयातील आजाऱ्याची शुश्रूषा करणारा माणूस स्वतःच आजारी पडेल. अशा वेळी बोलणे हे कर्तव्य ठरते.

बोलावे, परंतु ते कोणत्या क्रमाने? प्रथम विकणाऱ्यालाच सांगावे. ‘वडा आंबट लागतो आहे, जरा पाहता का?’ एवढे वाक्य पुष्कळदा पुरेसे होते. चांगला विक्रेता लगेच तो घाणा बाजूला काढतो, कारण आपल्या नावाची काळजी त्याला ग्राहकाहून अधिक असते. त्याने ऐकले नाही, उलट अरेरावी केली, तर आपल्या परिचितांना सावध करावे. प्रकार गंभीर असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे घरातील वडीलधाऱ्यांच्या साहाय्याने तक्रार करावी. फसवणुकीच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. ग्राहकांना हक्क मिळवून देण्यासाठी महाराष्ट्रात पूर्वीपासून प्रयत्न झाले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. घाऊक दराने माल एकत्र आणून तो सभासद कुटुंबांत वाटून घेण्याचा उपक्रम तिने चालविला. पुढे १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. २४ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो.

आजच्या काळात मत देण्याची आणखी एक रीत आली आहे. पूर्वी मत तोंडातून कानात जाई; आता ते भ्रमणध्वनीवर लिहिले जाते आणि ताऱ्यांच्या खुणांनी मोजले जाते. खानावळीतला जेवणारा ज्याच्या तोंडावर बोलत असे, त्याला तो ओळखत असे. आता लिहिणारा आणि वाचणारा दोघेही परस्परांना अनोळखी असतात. याचे लाभ आहेत. परगावाहून आलेल्या माणसाला चांगले, स्वस्त अन्न कोठे मिळते, हे क्षणात कळते. दूरच्या परीक्षकांच्या मताने गल्लीतील पदार्थाला मानही मिळतो. दादरच्या ‘आस्वाद’ उपाहारगृहातील मिसळीला २०१५ साली लंडनमधील एका स्पर्धेत जगातील सर्वांत रुचकर शाकाहारी पदार्थ म्हणून पारितोषिक मिळाले, तेव्हा अनेक मराठी घरांत आनंद झाला.

परंतु अनोळखी मतात लबाडीलाही वाव असतो. काही विक्रेते पैसे देऊन स्वतःची स्तुती लिहवून घेतात, तर काही जण शेजाऱ्याच्या दुकानाविषयी खोटी निंदा लिहितात. ही लबाडी नवी नाही. इटलीची राणी मार्गेरिता १८८९ साली नेपल्सला आली असता तिने एका पिझ्झावाल्याचा पिझ्झा वाखाणला आणि तिच्या नावावरूनच त्या पिझ्झाचे नाव पडले, अशी कथा प्रसिद्ध आहे. राणीच्या पसंतीचे पत्रही नेपल्समधील एका दुकानात लावलेले आहे. परंतु त्या पत्राच्या खरेपणाविषयी संशोधकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. थोरामोठ्यांच्या नावाने मिळालेली शिफारस असली, तरी ती तपासूनच स्वीकारावी, हा धडा त्यातून मिळतो. आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अशा लिखित मतांविषयी एक मानक प्रसिद्ध केले. मत देणाऱ्याची पडताळणी व्हावी आणि विकत घेतलेली मते प्रसिद्ध होऊ नयेत, असा त्याचा आशय आहे.

कायदा आणि मानके आपले काम करतील. मात्र मत खरे ठेवणे हे अखेर मत देणाऱ्याच्याच हाती असते. त्यासाठी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. जे स्वतः खाल्ले, त्याविषयीच बोलावे. एका खेपेवरून कायमचा निर्णय देऊ नये. मुसळधार पावसात हिंदमात्याला पाणी भरले असता पावाची लादी उशिरा येते आणि त्या दिवशीचा अनुभव नेहमीचा नसतो. काय खाल्ले, केव्हा खाल्ले आणि नेमके काय चुकले, हे सांगावे. दहा रुपयांच्या पदार्थाकडून शंभर रुपयांच्या थाटाची अपेक्षा धरू नये. विकणाऱ्याची जात, भाषा, गाव अथवा कपडे यांवर शेरे मारू नयेत. मोर्स आणि कोलोदी यांची चूक नेमकी तीच होती. आणि दोष सांगण्यात जेवढी तत्परता दाखविली जाते, तेवढीच गुण सांगण्यातही दाखवावी. चांगला वडा खाऊन लोक तृप्त मनाने निघून जातात आणि वाईट वडा मात्र आठवडाभर आठवतात, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यामुळे निंदा गावभर होते आणि स्तुती ओठांतच राहते.

पहाटे उठून बटाटे उकडणारा, भट्टीच्या आचेपुढे दिवसभर उभा राहणारा माणूस आपल्या कष्टांचे मोल पैशांत घेतो, हे खरे. परंतु पैशांबरोबर आणखी एका गोष्टीची तो वाट पाहत असतो. खाणाऱ्याचा चेहरा तो पाहत असतो. ‘कसा झालाय?’ या त्याच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर त्याला दुसऱ्या दिवशीचा मसाला कसा घालावयाचा, हे शिकविते. खरे उत्तर मिळाले, तर तो सुधारतो आणि खाणाऱ्याला उत्तम अन्न मिळते. खोटी स्तुती मिळाली, तर तो आहे तेथेच राहतो. खोटी निंदा मिळाली, तर तो खचतो. म्हणून उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबावे, चव आठवावी आणि मग जे खरे असेल, तेच सभ्य शब्दांत सांगावे. त्यात विकणाऱ्याचे हित आहे, आणि उद्या त्याच गाडीवर भुकेला होऊन येणाऱ्या अनोळखी माणसाचेही हित आहे.